डेलावेअरचा पत्ता तुमच्या काय कामाचा?

प्रश्न

न्यू जर्सीत राहणाऱ्या एक वाचक भगिनी काही वर्षांपासून मराठी पाककृतींची वेबसाइट चालवतात. कृतीखाली त्या स्वतः वापरत असलेल्या कुकरची, मिक्सरची, बिडाच्या तव्याची लिंक देतात. त्या लिंकवरून कुणी ॲमेझॉनवर खरेदी केली की त्यांना कमिशन मिळतं. महिन्याला साडेचारशे डॉलरच्या आसपास सुटतात. ग्रीन कार्ड आहे, नोकरी नाही. 'घरात माझ्या नावाने येणारा पैसा एवढाच,' असं त्या लिहितात.

गेल्या महिन्यात ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातम्या टाकल्या, की अमुक राज्याने अफिलिएट लोकांवरून (म्हणजे लिंक देऊन कमिशन घेणाऱ्यांवरून) सेल्स टॅक्सचा कायदा केला आणि कंपनीने त्या राज्यातल्या सगळ्यांची खाती बंद केली. पाठोपाठ सल्ले आले. डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्सच नाही, तिथल्या मैत्रिणीचा पत्ता खात्यावर टाक, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, डेलावेअरला एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढ. यजमान म्हणतात, एवढ्याशा पैशासाठी डोक्याला ताप नको, बंदच कर. आपल्या लिंकवरून झालेल्या खरेदीचा इतक्या वर्षांचा सेल्स टॅक्स राज्य आपल्याकडे मागेल, या भीतीने बाईंची झोप उडाली आहे. येत्या दिवाळीला स्वतःचा गोडा मसाला आणि फराळाचं ई-पुस्तक विकायचं त्यांच्या मनात होतं. ते करावं की नाही, हाही प्रश्न आहेच.

उत्तर

ताई, आधी झोपेचं बघू. तुमच्या लिंकवरून विकल्या गेलेल्या वस्तूंचा सेल्स टॅक्स तुमच्या डोक्यावर नाही आणि कधी नव्हता. हा कर गिऱ्हाईक देतं, विक्रेता तो गोळा करतो आणि राज्याकडे भरतो. तुम्ही गिऱ्हाइकाला दुकान दाखवलंत, माल विकला नाहीत.

एकच खरेदी घेऊन बघा. एडिसनमधल्या एका वाचकाने तुमच्या लिंकवरून १०० डॉलरचा कुकर मागवला. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के. बिलात ६ डॉलर ६३ सेंट कर लागला आणि कार्डावरून १०६.६३ डॉलर गेले. कराचे ते पैसे ॲमेझॉनने गोळा केले आणि ट्रेंटनला, न्यू जर्सीच्या राजधानीत, जमा केले. तुमचं कमिशन मोजलं गेलं ते १०० डॉलरवर, कारण कर आणि पाठवणावळ त्यात धरतच नाहीत. स्वयंपाकघरातल्या वस्तूंना साडेचार टक्के धरले, तर तुम्हाला साडेचार डॉलर मिळाले. कराचा एक सेंटही तुमच्या हातातून गेला नाही. जो पैसा तुमच्याकडे आलाच नाही, त्याचा हिशेब राज्य तुमच्याकडे मागू शकत नाही.

ग्रुपवरच्या बातम्या खोट्या नव्हत्या, जुन्या होत्या. तेव्हा काय घडलं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी असं काही वाचून जीव टांगणीला लागणार नाही.

१९९२ साली क्विल कंपनी विरुद्ध नॉर्थ डकोटा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान नाही, गोदाम नाही, माणूस नाही, ते राज्य त्याला कर गोळा करायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा प्रश्न कॅटलॉग छापून टपालाने माल पाठवणाऱ्यांचा होता. पुढे इंटरनेट आलं आणि त्याच निकालाच्या आडोशाने ऑनलाइन दुकानं वाढली. एडिसनच्या ओक ट्री रोडवरचा भांडीवाला प्रत्येक कढईवर कर लावणार आणि दुसऱ्या राज्यातून येणारी तीच कढई गिऱ्हाइकाला बिनकराची मिळणार. कायद्याने तो कर गिऱ्हाइकाने आपणहून राज्याला भरायचा होता, पण भरत जवळपास कुणीच नव्हतं. राज्यांचा राग मला रास्त वाटतो. त्या भांडीवाल्यावर खरंच अन्याय होत होता.

मग २००८ मध्ये न्यूयॉर्कने एक वाट काढली. राज्यात राहणारी माणसं कमिशन घेऊन आपल्या लिंकवरून एखाद्या कंपनीकडे गिऱ्हाईक पाठवत असतील आणि त्यातून चार तिमाह्यांत १०,००० डॉलरहून जास्त विक्री होत असेल, तर ती कंपनी राज्यात हजर आहे असं धरायचं आणि तिने कर गोळा करायचा. टॅक्सवाले याला 'क्लिक-थ्रू नेक्सस' म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचं 'अफिलिएट टॅक्स' झालं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. त्या कायद्याने अफिलिएटकडून कधीच काही मागितलं नाही. कंपनीला धरण्यासाठी राज्याने अफिलिएटचा पुरावा म्हणून उपयोग केला.

ॲमेझॉनने न्यूयॉर्कमध्ये कर गोळा करणं सुरू केलं आणि दुसरीकडे कोर्टात दाद मागितली. ओव्हरस्टॉक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने मात्र तिथले अफिलिएट काढूनच टाकले, कारण पुरावाच नसला तर कर गोळा करायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या राज्यांनी न्यूयॉर्कचा कित्ता गिरवला, तेव्हा ॲमेझॉनही त्याच वाटेने गेलं. २००९ मध्ये ऱ्होड आयलंड आणि नॉर्थ कॅरोलायना, २०११ मध्ये इलिनॉय, कनेटिकट, आर्कान्सा आणि कॅलिफोर्निया. एक ईमेल यायची आणि खातं बंद. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते असं. भांडण राज्याचं आणि कंपनीचं, आणि कमाई बुडाली ती घरात बसून लिहिणाऱ्या माणसांची.

काहींनी तर चंबूगबाळं आवरून राज्य सोडलं. इलिनॉयमधल्या रॉकटन गावात फॅटवॉलेट नावाची सवलती शोधून देणारी कंपनी होती. २०११ च्या कायद्यानंतर ती सीमेपलीकडच्या बेलॉइटला, विस्कॉन्सिनमध्ये गेली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. छापील किंवा रेडिओवरच्या जाहिरातीला जो नियम नाही, तो फक्त इंटरनेटवरच्या जाहिरातीला लावला, हे केंद्राच्या कायद्यात बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. पुढे इलिनॉयने सुधारून दुसरा कायदा केला, तो २०१५ पासून लागू झाला. कायद्याच्या भीतीने घर हलवायला निघालेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते.

कॅलिफोर्नियात ॲमेझॉनने शेवटी राज्याशी तडजोड केली, सप्टेंबर २०१२ पासून कर गोळा करायला सुरुवात केली आणि तिथल्या अफिलिएटना परत घेतलं. न्यू जर्सीत तर ॲमेझॉन १ जुलै २०१३ पासूनच कर घेतं. आपला क्लिक-थ्रूचा कायदा आला त्यानंतर, २०१४ मध्ये. १ एप्रिल २०१७ पासून ही कंपनी सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या ४५ राज्यांत कर लावते. मग २१ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी क्विलचा निकालच मोडीत काढला. आता राज्यात विक्रेत्याचं गोदाम आहे की नाही, हे बघावं लागत नाही. तिथली त्याची विक्री ठरावीक मर्यादेच्या वर गेली की पुरे. साउथ डकोटाची मर्यादा तेव्हा वर्षाला १,००,००० डॉलर किंवा २०० व्यवहार अशी होती. न्यू जर्सीनेही तीच घेतली.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की तुम्हाला काढून ॲमेझॉनचा आज एक डॉलरही वाचत नाही. ज्या कारणासाठी ती खाती बंद झाली, ते कारणच उरलेलं नाही. छोट्या विक्रेत्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. काही राज्यांत १०,००० डॉलरवाला जुना नियम अजून पुस्तकात आहे. त्यामुळे एखादी लहान कंपनी 'तुमच्या राज्यातले अफिलिएट आम्ही घेत नाही' म्हणाली, तर त्यात तुमचा दोष काही नाही. दुसरी कंपनी शोधा.

आता पत्त्याचं. तुम्हाला काही चुकीचं करायचं नाही हे पत्रावरून स्पष्ट दिसतं, म्हणून स्पष्टच सांगते. मैत्रिणीचा पत्ता टाकलात, तर आज जिथे गुन्हा नाही तिथे तुम्ही स्वतःच्या हाताने एक खोटं तयार कराल. सेल्स टॅक्स ठरतो तो वस्तू कुठे पोचते त्यावरून. एडिसनला पोचलेल्या कुकरवर न्यू जर्सीचाच कर लागणार, तुमच्या खात्यावर पत्ता कुठलाही असो. म्हणजे फायदा शून्य. उलट कराराप्रमाणे खरी माहिती द्यायला तुम्ही बांधलेल्या आहात आणि ती खोटी निघाली तर खातं खरोखरच बंद होईल. खातं मैत्रिणीच्या नावावर केलंत तर ती कमाई तिच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर दिसेल आणि आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या आयकर खात्याचं, पत्र तिच्या दारात येईल.

डेलावेअरच्या एलएलसीने कायदा मोडत नाही, पैसा मात्र वाया जातो. तिथे दरवर्षी ३०० डॉलर भरायचे, शिवाय तिथल्या एजंटची फी. तुम्ही काम न्यू जर्सीत बसून करणार, म्हणून तीच कंपनी इथेही नोंदवायची आणि तिचा ७५ डॉलरचा वार्षिक अहवाल द्यायचा. एवढं करून आयकर तेवढाच राहतो, कारण एका मालकाच्या एलएलसीचं उत्पन्न मालकाच्याच रिटर्नमध्ये धरलं जातं. पुढे मसाल्याचा धंदा वाढला आणि घराची मिळकत धंद्याच्या देण्यापासून वेगळी ठेवावीशी वाटली, तर न्यू जर्सीतच एलएलसी काढा. तेव्हा तिला अर्थ असेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि मला काळजी आहे ती तिचीच. सेल्स टॅक्सबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत, पण हे कमिशन तुम्ही आयकराच्या रिटर्नमध्ये दाखवता का, याबद्दल एक ओळही नाही. दाखवत असाल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

कमिशन ही तुमची स्वतःच्या धंद्याची कमाई आहे. ती नवरा-बायकोच्या जोड रिटर्नमध्ये शेड्यूल सी या धंद्याच्या फॉर्मवर दाखवायची, त्यातून वेबसाइटचं भाडं, कॅमेरा असे धंद्याचे खरे खर्च वजा करायचे आणि निव्वळ कमाई ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही भरायचा. कंपनी दिलेल्या पैशांची नोंद म्हणून पाठवते तो १०९९ फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, हा समज आपल्या लोकांत फार आहे, तो काढून टाका. कंपनीने हा फॉर्म पाठवायची मर्यादा ६०० डॉलर होती, २०२६ मध्ये दिलेल्या रकमांसाठी ती २,००० झाली आहे. पण ती मर्यादा कंपनीच्या कागदपत्रांसाठी आहे. तुमची कमाई पहिल्या डॉलरपासून करपात्रच. मागच्या वर्षांत ती दाखवायची राहिली असेल तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून रिटर्न दुरुस्त करा, न्यू जर्सीचंही करा. आपणहून दुरुस्त करणाऱ्याला दंड आणि व्याज सहसा सोसण्याइतकंच लागतं. त्यांचं पत्र आल्यावर धावपळ करणं महागात पडतं.

यजमानांनाही एक हिशेब दाखवा. समजा खर्च वजा जाता वर्षाला ५,००० डॉलर उरले. त्यावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स साधारण ७०६ डॉलर होईल. वाचून पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण हा पैसा तुमच्या नावाने सोशल सिक्युरिटीत जातो. २०२५ मध्ये दर १,८१० डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळत होतं, वर्षाला जास्तीत जास्त चार, आणि स्वतःच्या हक्काच्या पेन्शनसाठी ४० लागतात. ५,००० डॉलरच्या त्या कमाईवर वर्षाची दोन क्रेडिट पडली असती. नोकरी न करणाऱ्या किती तरी मराठी बायकांच्या नावावर या देशात वीस वर्षांनंतरही एक क्रेडिट नसतं. नवऱ्याच्या खात्यावरून मिळणारा हिस्सा असतो, पण स्वतःचं काही नाही. 'एवढासा पैसा' म्हणून हे बंद करण्याआधी दोघांनी याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. बंद करायचं कारण डोक्याचा ताप एवढंच असेल, तर सीपीएला, म्हणजे सनदी हिशेबनीसाला, वर्षातून एकदा भेटून तो ताप उतरतो.

आता मसाला आणि ई-पुस्तक. इथे मात्र तुमची जागा बदलते. लिंक देताना तुम्ही वाट दाखवणाऱ्या होता, इथे तुम्ही विक्रेत्या आहात आणि सेल्स टॅक्सचा कायदा तुम्हाला थेट लागतो. आपल्याकडे इथे हमखास एक चूक होते. 'एक लाखाच्या आत आपल्याला काही नाही' असं लोक धरून चालतात. एक लाखाची मर्यादा बाहेरच्या राज्यांतल्या विक्रीसाठी आहे. ज्या राज्यात तुम्ही राहता आणि काम करता, तिथे तुम्ही प्रत्यक्ष हजर आहात, म्हणून न्यू जर्सीत करपात्र वस्तूच्या पहिल्या विक्रीपासून कर गोळा करायचा.

पण सगळ्यावर कर नाही. गोडा मसाला हा खाण्याचा जिन्नस आहे, त्यावर न्यू जर्सीत सेल्स टॅक्स नाही. घरी करून विकायला अन्नपरवान्याचे नियम लागतात, ते तेवढे वेगळे बघून घ्या. ई-पुस्तक इथे करपात्र आहे, छापील पुस्तकही आणि मसाल्यासोबत विकायचा पितळी डबाही. दुसऱ्या राज्यातल्या वाचकाने ई-पुस्तक घेतलं तर तिथला नियम वेगळा असू शकतो, पण तुमच्या आकाराच्या धंद्याला बाहेरच्या राज्यांच्या मर्यादा गाठायला बराच वेळ आहे. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारावरून विकलंत तर सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांत तो बाजारच कर गोळा करून भरतो. सुरुवातीला तो मार्ग सोपा, कमिशन जातं तरीही. आणि गणेशोत्सवात पेनसिल्व्हेनियातल्या मंडळाने स्टॉल दिला, तर तिथे तुम्ही दोन दिवस का होईना प्रत्यक्ष हजर असता. जाण्याआधी त्या राज्याची नोंदणी लागते का ते आयोजकांना विचारा. बहुतेकांना हे ठाऊक असतं.

तुमच्यासारखंच काम करणाऱ्या पण दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडं. हवाई आणि न्यू मेक्सिकोत धंद्याच्या एकूण जमेवर कर आहे आणि त्यात सेवेचं कमिशनही येऊ शकतं. वॉशिंग्टन राज्याने ऑक्टोबर २०२५ पासून जाहिरात सेवांवर सेल्स टॅक्स लावला आहे, ऑनलाइन रेफरलचा उल्लेखही त्यात आहे. या तीन राज्यांत राहणाऱ्यांनी माझं वरचं उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावू नये, तिथल्या जाणकाराला विचारावं.

एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या भगिनींना आणखी कळकळीने सांगते. हातात ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, नसेल तर अफिलिएटचं खातं उघडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. कमिशन हे काम करून मिळवलेलं उत्पन्न धरलं जाण्याचा धोका आहे आणि त्याची झळ पुढे ग्रीन कार्डाला लागू शकते. महिन्याच्या शे-दोनशे डॉलरसाठी ती जोखीम घेण्यासारखी नाही.

ताई, तुमचा धंदा एकाच कंपनीच्या लिंकवर उभा आहे आणि खरा धोका मला तिथे दिसतो. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने कमिशनचे दर एका फटक्यात खाली आणले. किराण्याचा दर पाचवरून एक टक्का झाला, फर्निचरचा आठवरून तीन. त्याला कुठल्या राज्याचा कायदा लागला नाही, करारातल्या अधिकाराने ते झालं. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक ठेवा. वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या परवानगीने स्वतःकडे जमवा, म्हणजे उद्या खातं गेलं तरी वाचक तुमचेच राहतील. लिंकमधून कमिशन मिळतं हे पानावर ठळक, मराठीत लिहा. कंपनीचीही ती अट आहे आणि वाचकांचा तो हक्क आहे.

या आठवड्यात खात्यावरचा पत्ता आहे तोच राहू द्या. कमिशन घरखर्चाच्या खात्यात येत असेल तर त्यासाठी वेगळं बँक खातं उघडा. ई-पुस्तक विकायचं नक्की झालं की न्यू जर्सीचा एनजे-आरईजी हा धंद्याच्या नोंदणीचा फॉर्म ऑनलाइन भरा. विक्री सुरू करण्याच्या किमान १५ कामाचे दिवस आधी तो भरायचा असतो, म्हणजे दिवाळीची घाई सुरू होण्याआधीच उरकून घ्या. त्यानंतर दर तिमाहीला सेल्स टॅक्सचं एसटी-५० रिटर्न, तिमाही संपल्यावरच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. एखाद्या तिमाहीत एकही पुस्तक विकलं गेलं नाही तरी शून्याचं रिटर्न भरावंच लागतं, ते चुकवू नका.